कमालफुप्पांचा रानलसूण

सौदीतल्या अबहा शहरातल्या आमच्या कोकणी गोतावळ्यात सगळं काही माहीत असलेले एकच गृहस्थ होते, आणि ते नेमके माझ्या सख्ख्या फुफूचे, म्हणजे आत्याचे, नवरे निघाले. कमालफुप्पा. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली या बाजूची पंधरा-वीस माणसं तेव्हा एकाच बांधकाम कंपनीत होती, कुणी गवंडी, कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर, आणि कमालफुप्पा ऑफिसात, पर्सोनेलच्या टेबलामागे. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात असत. त्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन फिरणारा माणूस कसा चालतो, ते मी लहानपणी पोटभर पाहिलेलं आहे. कुणाचीही ओळख करून देताना ते "ह्याला मी आणला" असं म्हणत, बाजारातून सुरमई आणल्यासारखं. माझ्या अब्बांनाही त्यांनीच आणलेलं. अब्बा वयाने मोठे, फुफूचे थोरले भाऊ, पण त्यांची ओळखही तीच: "हा आमचा मेव्हणा. ह्याला मी आणला." अब्बा हसत. अब्बा कंपनीच्या गोदामाचे स्टोअरकीपर होते आणि खिळ्यांच्या पेट्यांपासून मेव्हण्याच्या बोलण्यापर्यंत जे येईल ते मुकाट्याने उतरवून घेत.

दर जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजानंतर, फुप्पा फुफूला घेऊन आमच्याकडे जेवायला येत. आमच्या घरात हात टेकायच्या दांड्या असलेली एकच खुर्ची होती, ती त्यांची. पहिला घास तोंडात जायच्या आधीच ते "मीठ कमी आहे" म्हणत. मग विमान हवेत कसं राहतं, अरब लोक असे का, इंडियन स्कूलमधल्या शिक्षकांना इंग्रजी का येत नाही, हे सगळं आम्हांला सांगितलं जाई. माझ्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांनी लाल पेनाने दोन दुरुस्त्या केल्या होत्या. दोन्ही चुकीच्या होत्या. त्या माणसाने कुणाला कधी काही विचारलेलं मला आठवत नाही. वेळसुद्धा नाही. हातातलं घड्याळ बंद पडलं तेव्हा आठवडाभर त्यांनी अंदाजाने वेळ सांगितली, पण "किती वाजले?" असं विचारलं नाही. माझी मुलगी हे वाचून म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल इतकं कडू लिहू नये. मी थोडं गोड लिहून पाहिलं. ते दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून फाडून टाकलं.

आमचं घर उतारावर होतं. सौदी म्हटलं की इकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे वाळू येते, पण अबहा डोंगरावर आहे, आणि थंडीच्या दिवसांत खालच्या दरीतून ढग वर चढून सरळ आमच्या स्वयंपाकघरात येत. अम्मी खिडकी लावत नसे. तिला त्यात हर्णैचा ओलावा जाणवायचा. तिने दापोलीहून छोटा पाटा-वरवंटा सामानात बांधून आणला होता, त्याचा घरघर आवाज सकाळी सुरू झाला की शेजारच्या गच्चीवरची माकडं पाण्याच्या टाकीवर येऊन बसत. ती मोठी, राखाडी, कुत्र्याच्या तोंडाची माकडं. अम्मी त्यांना कोकणीत शिव्या देई आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा फेकी, दोन्ही एकाच दमात. घरात सुकटीचा, कोकमाचा, ओल्या लोकरीचा वास असे. मी शाळेत हिंदी बोलायची, घरी मराठी, आणि मजेची गोष्ट म्हणजे आमच्या घरात सगळ्यात बरी अरबी मलाच यायची. ती मी उम्म सालेहकडून शिकले.

उम्म सालेह खालच्या घरात राहायची. वय किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. डोक्याला पिवळा रुमाल, त्यावर गवताची रुंद टोपी, कमरेला विळा. मंगळवारच्या बाजारात ती रानातला पाला विकायला बसे. तिचा मुलगा सैन्यात होता, सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे टोपली उचलायला तिला कुणीतरी हवं असे, आणि अम्मीचा तिच्यावर विश्वास होता. सुट्टीच्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजानंतर आम्ही दोघी घरामागच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवरून वर चढत असू. वर अरअरचं रान होतं. ही तिथली डोंगरी झाडं, वाकड्या बुंध्यांची, फांद्यांवरून करडं शेवाळ लोंबणारी. त्यांच्या सावलीत, दगडांच्या फटींत जिथे ओल टिकते तिथे, पाऊस झाल्यावर रानलसूण उगवे. ती त्याला थूम अल-जबल म्हणायची, डोंगराचा लसूण. पातळ हिरवी पात, जमिनीखाली बोराएवढा कांदा, आणि बोटांत चुरडली की आपल्या लसणासारखाच, पण थोडा गवताळ, थोडा गोडसर वास.

पण त्याच फटींत त्याचा एक सोबती उगवायचा. उन्सुल. त्याची पातही हिरवी, कांदाही तसाच, कोवळेपणी तर दोघांत फरक कळणं मुश्कील. पात जून झाली की ती रुंद, जाडसर होते, मोडली की चिकट रस येतो आणि हाताला खाज सुटते. उम्म सालेहने पहिल्याच दिवशी माझ्या हातावर दोन्ही ठेवले. "हे खाल्लंस तर जेवण," ती म्हणाली. "हे खाल्लंस तर कबर." मग तिने वासाची परीक्षा शिकवली: एकेक पात चुरडून हुंगायची. मी चार-पाच हुंगल्या, सगळ्यांना लसणाचा वास. ती हसली आणि तिने माझ्या टोपलीतल्या दोन पाती काढून फेकून दिल्या. "नाक खोटं बोलत नाही, बोटं खोटं बोलतात," ती म्हणाली. एकदा हाताला लसूण लागला की मग उन्सुल चुरडलास तरी वास लसणाचाच येणार. म्हणून दर दोन-तीन पातींनंतर ओली माती घेऊन बोटं घासायची, वास पुरता गेला की मगच पुढची पात. ती वाकून, माती घासत, हुंगत, इतकी सावकाश चाले की ढग आमच्या पुढे निघून जाई. एवढं एक शहाणपण मी त्या रानात मिळवलं. पुढे ते मी कसं वापरलं ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला बसले आहे.

अम्मीने त्या लसणाचं सोनं केलं. पात बारीक चिरून तांदळाच्या पिठात मळून भाकरी, वर पातळ तूप. सुकटीत परतून. खोबरं आणि लाल मिरचीबरोबर पाट्यावर वाटून चटणी. कांदे ती सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, घालून ठेवी, खोकला आला की उम्म सालेहच्या सांगण्यावरून एक कांदा मधात ठेचून देई. फुफूला ती चटणी फार आवडे. फुप्पांनी मात्र ताट बाजूला सरकवलं होतं. "हा चारा आहे," ते म्हणाले. "बद्दू लोक जनावरांना घालतात. आपण शहरात आलो, आपली राहणी बदलली पाहिजे." हे सांगताना त्यांच्या मिशीला तूप लागलं होतं, कारण चारा आहे हे कळायच्या आधी त्यांनी दोन भाकऱ्या संपवल्या होत्या.

त्याच सुमाराला सौदायझेशन हा शब्द आमच्या घरात यायला लागला. ऑफिसातल्या जागांवर सौदी माणसं बसवायची, असा वरून हुकूम होता. भाजीबाजारात झालं होतं, सोन्याच्या दुकानांत व्हायचं होतं, आता कंपन्यांची पाळी. आमच्या कंपनीत कुणाला घरी पाठवायचं त्याची यादी तयार करायचं काम फुप्पांकडे आलं, आणि त्या दिवसांत ते इतके खूश होते की जुम्म्याला मिठाई घेऊन येत. बिचाऱ्या टायपिस्टचं नाव यादीत घालताना आपल्याला कसं वाईट वाटलं, हे ते तीनदा जेवण मागून घेत सांगत. त्यांच्या हाताखाली शिकायला एक सौदी मुलगा ठेवला होता, फहद नावाचा, शेजारच्या खमीस शहरातल्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. त्याच्यावर फुप्पांचं एक स्वतंत्र व्याख्यान होतं. "दहाला येतो, बाराला जातो. फाईल उलटी धरतो. नुसतं माकड. ह्यांना काय जमणार? माझ्याशिवाय ते ऑफिस एक दिवस चालेल का?" अब्बा म्हणत, "कसं चालेल." त्या फाईल उलट्या धरणाऱ्या मुलाने फुप्पांकडून सहा महिन्यांत प्रत्येक फॉर्म, प्रत्येक रजिस्टर, त्या कपाटातली प्रत्येक फाईल शिकून घेतली, आणि सातव्या महिन्यात यादीत एक नाव वाढलं. यादी फुप्पांनीच केली होती, पण ते नाव त्यांनी घातलं नव्हतं.

हे आम्हांला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. फुप्पा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, ब्रीफकेस घेऊन निघत आणि दुपारी परत येत. जुम्म्याला ऑफिसच्या गोष्टी पूर्वीसारख्याच सांगत. अब्बा त्याच कंपनीत, पण गोदाम शहराबाहेर होतं, त्यांना ऑफिसातलं काही समजत नसे. मला कळलं ते रानात. शाळेला सुट्टी होती आणि उम्म सालेहचा गुडघा सुजला होता, म्हणून ती खालच्या शेताच्या बांधावर बसून राहिली आणि मी एकटीच वर गेले. एका अरअरच्या बुंध्याला टेकून फुप्पा बसले होते. ब्रीफकेस मांडीवर, त्यावर रुमाल पसरून ते अंडं सोलत होते. ढग इतका दाट होता की त्यांना मी आणि मला ते चार पावलांवर आल्यावरच दिसलो.

"ऑफिस?" मी विचारलं.

"रजा घेतली," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "जागा भरली. त्या मुलाने भरली. दोन महिने झाले. इकाम्याची मुदत आहे अजून, तोवर इथे राहता येतं. घरी बोलायचं नाही."

दुसरं कुणीही असतं तर मला दया आली असती. मी चौदा वर्षांची होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. सहा महिने त्या मुलाला माकड म्हणणारा हा माणूस खरोखरच्या माकडांच्या रानात बसून थंड अंडं खात होता, आणि ते पाहणारी मी एकटीच होते. मी "बरं" म्हणाले. त्यांनी माझी टोपली पाहिली. काय आहे असं विचारलं नाही, ते विचारणारे नव्हतेच. म्हणाले, "हे लसूण. रक्त पातळ करतं. हृदयाला उत्तम. मी वाचलेलं आहे." वर्षभरापूर्वी तो चारा होता. त्यांनी उठून दोन पाती खुडल्या. एक लसणाची होती, दुसरी उन्सुलची.

"ही टाका," मी म्हणाले. "ही विषारी. चुरडून हुंगायची. लसणाचा वास आला तर घ्यायची."

त्यांनी हुंगली. तोंड वाकडं केलं आणि फेकली. "मला माहीत आहे," ते म्हणाले.

मातीचं मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, "फुप्पा, मध्ये मध्ये बोटं मातीने घासा," इतकं लहान. पण "मला माहीत आहे" हे ऐकलं आणि मी ते गिळलं. त्यांना न कळणारी एक गोष्ट मला कळते, आणि ती माझ्यापाशीच राहील, याचा मला इतका आनंद झाला की मी डोंगर उतरताना गात होते.

त्यानंतर कमालफुप्पा हकीम झाले. पर्सोनेलचं टेबल गेलं ही बातमी हळूहळू पसरलीच, पण ती त्यांनी अशी सांगितली की नोकरी त्यांनीच सोडली, खिदमत करण्यासाठी. रोज रानात जायचं, ब्रीफकेस भरून पाला आणायचा, कांद्यासकट ठेचून सिरक्यात आणि मधात घालून बाटल्यांत भरायचा. ब्लडप्रेशर, साखर, छाती, सांधे, सगळ्यावर एकच बाटली, रोज दोन चमचे. पैसे घेत नसत, हे मान्य करते. त्यांना पैसे नकोच होते. जुम्म्याला कंपनीच्या कॅम्पमधले कामगार त्यांच्या दारात चपला काढून रांगेत बसत आणि "साहेब, जरा नाडी बघा" म्हणत, ते हवं होतं. आणि ते लोकही असे की सरकारी दवाखान्यातल्या शिकलेल्या डॉक्टरची गोळी थुंकून टाकतील, पण काल परवापर्यंत रजेचे फॉर्म भरणाऱ्या माणसाने नाडी धरली की डोळे मिटून घेतील. गडी आपल्या बाजूचा, आपल्या भाषेत बोलतो, एवढी पदवी त्यांना पुरत होती. आमच्या अब्बांनीही एक बाटली आणून कपाटात ठेवली. अम्मीने ती मोरीत ओतून टाकली आणि आत चहाचं पाणी भरून ठेवलं. अब्बा महिनाभर ते घेत होते आणि बरं वाटतं म्हणत होते.

दाऊदभाई ड्रायव्हर होते, श्रीवर्धनचे. आमच्या शाळेची व्हॅन ज्या दिवशी येत नसे त्या दिवशी तेच कंपनीच्या गाडीतून आम्हां पोरांना खमीसला सोडत. जाडजूड, शांत माणूस. गाडी चालवताना आपल्या तीन मुलींची नावं घेऊन कोणती आता काय करत असेल ते सांगत बसत. त्यांना ब्लडप्रेशर होतं आणि ते दवाखान्याची गोळी नियमाने घेत. फुप्पांनी ती बंद करायला लावली. "केमिकल आहे," ते म्हणाले. दाऊदभाईंनी सात-आठ दिवस बाटली घेतली. मग एका सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, थांबेचनात, आणि डोळ्यांना सगळं पिवळं दिसायला लागलं. कॅम्पमधल्यांनी अब्बांना निरोप दिला, अब्बांनी गोदामाच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर म्हणाला, हृदयाचे ठोके निम्म्यावर आले आहेत, ह्याने काय खाल्लं? दाऊदभाई शुद्धीवर नव्हते. अब्बांना कल्पना नव्हती. आणि कॅम्पमधले गप्प, कारण तीच बाटली प्रत्येकाच्या उशाशी होती आणि परदेशात माणूस आधी स्वतःच्या इकाम्याचा विचार करतो.

योगायोग असा की त्याच सकाळी फुफूने अम्मीला रानलसणाची एक मोठी जुडी पाठवली होती. शाळा नव्हती, मी आणि अम्मी ती निवडायला बसलो. थोड्या वेळाने अम्मी मनगट खाजवायला लागली. मग तिने एक पात मोडून त्यातला चिकट रस पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. "हा तर कोळकांदा," ती म्हणाली. कोकणात तो उंदरांना मारायला वापरतात. मी उठून हात साबणाने धुतले, कुंडीतल्या मातीने घासले, आणि एकेक पात वेगळी काढली. जवळजवळ तिसरा हिस्सा उन्सुल निघाला. हुंगून खुडलेला. त्यांनी हुंगलं असणार, दर वेळी, मी सांगितलं होतं तसंच.

अब्बा दवाखान्यातून आले तेव्हा फुप्पाही पाठोपाठ आले. अम्मीने जुडी पुढे टाकून सांगितलं. फुप्पांचे ओठ पांढरे पडले, पण बोलले ते जुन्याच आवाजात. "कुणी काही बोलायचं नाही. दाऊदचं हृदय आधीच खराब होतं. उद्या पोलीस आले तर एकटा मी जाणार नाही, ज्यांना मी आणलं ते सगळे जातील." शेवटचं वाक्य त्यांनी अब्बांकडे बघून म्हटलं. अब्बा खाली बघत होते. तेवढ्यात दार वाजलं.

फहद होता. पर्सोनेलचा माणूस म्हणून दवाखान्यातून त्याला फोन गेला होता, आणि दाऊदभाईंना भरती करणाऱ्याचं नाव अब्बांचं, म्हणून तो आमच्याकडे आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. हडकुळा, चष्मा लावलेला, पांढऱ्या पायघोळ थोबाच्या बाहीला शाई लागलेली. तो दांडीच्या खुर्चीवर बसला नाही, गालिच्यावर बसला. मी आणि अम्मी जुडीसकट पडद्यामागे उभ्या होतो. तो मोडक्या इंग्रजीत आणि सावकाश अरबीत म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, काय घेतलं ते कळलं तर त्यावर औषध आहे, पण ते रियाधहून मागवावं लागेल आणि संध्याकाळच्या विमानाला घालावं लागेल. मी कुणाला पकडायला आलो नाही. काय घेतलं तेवढं सांगा."

"आम्हांला काही माहीत नाही," फुप्पा म्हणाले.

फहदने अब्बांकडे पाहिलं. "तुम्ही?"

माझे अब्बा चांगले गृहस्थ होते. त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही, आणि म्हणूनच कुणाच्या उपयोगीही पडले नाहीत. त्यांनी मान हलवली. "माहीत नाही," ते म्हणाले. ते दोन शब्द मी त्यांना अजून माफ केलेले नाहीत, आणि त्यांच्यानंतर आता माफी मागायला कुणी उरलेलंही नाही.

मी अम्मीकडे पाहिलं. अम्मीने जुडी उचलून माझ्या हातात दिली आणि पडदा बाजूला केला. मी बाहेर गेले. त्या घरात परक्या पुरुषासमोर मुलीने येणं हे तेव्हा घडत नसे. फहदने लगेच नजर खाली वळवली आणि माझ्या हातांकडे बघितलं. मी उम्म सालेहच्या डोंगरी अरबीत म्हणाले, "हा थूम. हा उन्सुल. त्यांनी दोन्ही एकत्र ठेचून सिरक्यात घातलं आणि दाऊदभाईंना आठ दिवस दिलं. बाकीच्यांकडेही बाटल्या आहेत."

"कुणी?" हे त्याने विचारलंच नाही. तो उठला, उन्सुलचे तीन कांदे रुमालात बांधले, अब्बांना म्हणाला, "कॅम्पमधल्या बाटल्या आत्ता गोळा करा," आणि निघून गेला. फुप्पा माझ्यासमोर उभे होते. मला वाटलं हात उगारतील. त्यांनी उगारला नाही.

औषध दुसऱ्या दिवशी पोचलं. दाऊदभाई वाचले. पण मधल्या वेळेत हृदयाने जे सोसायचं ते सोसलं होतं. तीन आठवड्यांनी ते दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होते, आणि त्यांचं लायसन्स गेलं. त्यांना घरी पाठवण्यात आलं, मुलींकडे. बाकीच्यांपैकी चौघांचं उलट्या-मळमळीवर निभावलं. फहदने डॉक्टरला लिहून दिलं की कामगारांनी रानातली भाजी चुकून खाल्ली. पोलीस आले नाहीत. आमच्या गोतावळ्याने मात्र निकाल लावून टाकला: कमालसाहेबांच्या हातून चूक झाली, पण भाचीने परक्यासमोर घरची अब्रू काढली. पहिल्यावर आठवडाभर बोललं गेलं, दुसऱ्यावर मी लग्न होऊन त्या देशाबाहेर पडेपर्यंत.

फुप्पांचा फायनल एक्झिटचा, देश कायमचा सोडायचा, कागद फहदच्याच सहीने निघाला. जायच्या दिवशी टॅक्सी आमच्या दारात थांबली. फुफू खाली उतरली नाही, काचेतून अम्मीकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं. फुप्पा दारापर्यंत आले. अब्बांशी हात मिळवला, अम्मीला सलाम केला. मग माझ्याकडे वळले. इस्त्रीचा शर्ट होता, पण बटण चुकीच्या काजात लावलेलं.

"मी प्रत्येक पात हुंगली होती," ते म्हणाले. "एकूण एक. प्रत्येकीला लसणाचा वास होता. असं कसं झालं?"

त्यांच्या आयुष्यात मी ऐकलेला हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना सांगितलं. बोटांना वास लागतो, मध्ये मध्ये माती घासावी लागते, उम्म सालेहने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "मग रानात मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि टॅक्सीत जाऊन बसले.

हे उत्तर पुढे कितीतरी वर्षं माझं आवडतं होतं. कॉलेजात, सासरी, ऑफिसातल्या डब्याच्या वेळी मी ही गोष्ट सांगायची आणि शेवटी ते वाक्य टाकायची, आणि बायका हसून हसून लोटपोट व्हायच्या. अधूनमधून मी श्रीवर्धनला दाऊदभाईंना भेटायला जात असे. ते अंगणात खाटेवर बसलेले असत, धाकटी मुलगी चहा आणून देई, आणि ते दर वेळी तिला सांगत, "हिच्यामुळे मी जिवंत आहे बघ." मी चहा प्यायची. त्यांना ती गोष्ट शेवटपर्यंत एकदाही सांगू शकले नाही.